खरं उत्तर
बिस्किट कारखान्याच्या गेटसभेत युनियनचे अध्यक्ष म्हेत्रे म्हणाले, "साहेबांचा निरोप आलाय. नव्या पॅकिंग विभागातल्या बायकांना करारातून वगळलं, तर आपली पगारवाढ आजच होईल."

भट्टीवरचे रऊफचाचा त्या बायकांमधल्या कुंदा शेवाळेकडे वळले. "पोरी, तुम्हाला वगळलं आणि उद्या आम्ही संप केला, तर तू काय करशील?"

खोटं बोलणं कुंदाला जमलं नाही. "कामावर जाईन, चाचा. तुम्ही आम्हाला आपलं मानलंच नाही, तर आम्ही काम का थांबवायचं?"

कुणीतरी शिवी हासडली. आता संपलंच, असं तिला वाटलं.

"खरं बोलली. यांना वगळलं तर आपला संप टिकणार नाही. यांनाही करारात घ्या," म्हणत चाचांनी हात वर केला. मग बहुतेकांनी केला.

त्या दिवशी पगारवाढ झाली नाही, पण कुंदाला कुणी दोष दिला नाही.