अस्सल चाहते पाहिजेत

“लीट्रिमचे चाहते भरले,” टेबलामागची मुलगी म्हणाली. “कॅव्हनचे चालतील का?”

सेप्टा गुकियनने आधी मुलीकडे पाहिलं, मग तंबूच्या छताकडे. छत जागेवर होतं. म्हणजे प्रश्न खरंच विचारला गेला होता.

तिच्या बापाच्या हयातीत तिची लीट्रिम काउंटी आयर्लंडच्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याला कधी पोहोचली नव्हती. आज पोहोचली होती, आणि समोर कोण, तर शेजारची कॅव्हन. गावच्या क्लबला चार तिकिटं आली. क्लबचा सेक्रेटरी लॉर्कन मल्वीने पबमध्ये स्वतःच्या टोपीतून चिठ्ठ्या काढल्या आणि स्वतःचं नाव निघालं नाही म्हणून सगळ्यांसमोर रडला. “मी घरीच टीव्हीवर बघणार,” तो म्हणाला होता. बाकीची तिकिटं प्रायोजकांच्या पाहुण्यांना गेली. यंदाचे प्रायोजक गाद्या बनवत. त्यांचे पाहुणे काचेमागे बसून सॅमन माशाचे तुकडे खात आणि एकमेकांना व्हिजिटिंग कार्डं देत. बाकी स्टँड ओस, त्यामुळे टीव्हीवर उपांत्य सामना दुखवट्यासारखा दिसला. म्हणून अंतिम सामन्याच्या दिवशी डब्लिनमध्ये, क्रोक पार्क स्टेडियमच्या दारात, हा तंबू लागला होता. बाहेर पाटी होती: अस्सल चाहते पाहिजेत. प्रवेश फुकट. कपडे आमचे.

“बाई, तुम्ही अगदी अस्सल दिसता,” मुलगी आग्रहाने म्हणाली. “फक्त कॅव्हनच्या निळ्यात बसायचं.”

“पोरी, माझ्या बहिणीने कॅव्हनच्या माणसाशी लग्न केलं. आमचे वडील लग्नाला गेले, पोटभर जेवले, पण टाळी वाजवली नाही.”

“मग राहू द्या. मागे रांग आहे.”

आतून बँडचा आवाज आला. संघ मैदानात उतरत असावेत. सेप्टाने डोळे मिटले आणि निळी जर्सी अंगात घातली. ती बरोबर बसली, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

मग शिकवणी झाली. मैदानालगत एक माणूस फलक घेऊन उभा राहील. फलकावर ‘आनंद’ आलं की उठायचं, ‘दुःख’ आलं की तोंडावर हात.

“दुःख कधी येतं?”

“लीट्रिमचा गोल झाला की.”

“तेव्हा मला दुःख होतं?”

“अतोनात. आणि ज्याला होणार नाही त्याला तिथल्या तिथे बाहेर काढतात. सही इथे करा.”

गाडीची डिकी उघडून, उभ्याने हॅमचं सँडविच आणि थर्मासमधला चहा झाल्याशिवाय फायनल सुरूच होत नाही, हे आयर्लंडमध्ये लहान पोरही सांगेल. गादी कंपनीलाही ते ठाऊक होतं. सेप्टाचा घरचा डबा तिने जप्त केला आणि आपलं सँडविच दिलं. ते रबराचं होतं. चावायचं, पण गिळायचं नाही. थर्मासवर गादीचं चित्र होतं. आत काहीही नव्हतं.

ती निळ्या गर्दीत मान खाली घालून बसली. कुणाकडे पाहिलं नाही. शत्रूशी ओळख कशाला वाढवायची? शेजारी निळ्या केसांचा टोप घातलेला, तोंड निळं रंगवलेला एक दांडगा माणूस बसला होता. तोही गप्प. दोघं निमूटपणे रबर चावत राहिले.

पूर्वार्ध संपत आला आणि लीट्रिमच्या एका पोराने दोघांना चुकवून चेंडू जाळ्यात मारला.

फलक वर गेला: ‘दुःख’.

सेप्टाने तोंडावर हात दाबला. घट्ट दाबला. डोळ्यांसमोर बाप आला. रेडिओला कान लावून बसलेला, आणि दरवर्षी दुसऱ्याच कुठल्यातरी काउंटीचा सामना ऐकणारा. हाताखालून आधी शिट्टीसारखं काहीतरी निघालं, मग किंकाळी, आणि मग ती उभी राहून दोन्ही हात उंचावून ओरडत होती, “मारला रे मारला, माझ्या वाघा!”

काढू देत बाहेर. एक गोल तर पाहिला.

पण तिला खाली ओढायला कुणी आलं नाही. निळ्या टोपवाल्याने तिला उचलून गरागरा फिरवलं. घामाने रंग ओघळला आणि खालून लॉर्कन मल्वी निघाला.

“तू? टीव्हीवर बघणार होतास ना!”

“आणि तू गं? निळ्यात? लाज नाही वाटत?”

त्याच्या पलीकडे गावचे फादर मॅकपार्टलिन निळ्या मफलरने डोळे पुसत होते. त्यांच्या मागे गावच्या पोस्टातली ब्रीज बाकावर नाचत होती. कॅव्हनचा सबंध स्टँड लीट्रिमसाठी उभा होता.

सेप्टाने समोर पाहिलं. हिरव्या-सोनेरी रंगात नटलेला लीट्रिमचा स्टँड डोकं धरून बसला होता. तिकडे कुणाला फलकाची गरज पडली नव्हती. उलट ‘आनंद’चा फलक धरणाऱ्याला कुणीतरी रबरी सँडविच फेकून मारलं. सगळ्यांत पुढे तिचा कॅव्हनचा मेहुणा फिंटन ब्रेडी लीट्रिमच्या जर्सीत हुंदके देत होता.

“कॅव्हनवाले पहाटेच येऊन रांगेत बसले म्हणे,” लॉर्कन धापा टाकत म्हणाला. “पहिलं टेबल आपल्या जर्सींचं होतं, तेच त्यांनी भरून टाकलं. फुकट म्हटल्यावर रंग कोण बघतो तिकडे!”

तेवढ्यात ती मुलगी पायऱ्या चढून आली. कानात यंत्र, चेहरा पांढराफटक.

“बाई, तुम्हाला बाहेर…” तिने सेप्टाकडे बोट केलं. मग लॉर्कनकडे. मग फादरकडे. मग बोट स्टँडभर फिरलं आणि खाली आलं. “सर,” ती यंत्रात पुटपुटली, “सगळ्यांनाच काढू का?”

बराच वेळ ती ऐकत राहिली. हळूहळू तिच्या तोंडावर रंग परत आला.

“बसा, बसा सगळे,” ती म्हणाली. “टीव्हीवर फार छान दिसतंय म्हणे, अगदी असंच चालू द्या. मध्यंतरात दोन्ही संघांना आपसात जर्सी बदलायला सांगतायत.”