पहिल्या रांगेतली खुर्ची

तान अर्ध्यावरच तुटली. तिसऱ्यांदा. पृथ्वीराज इनामदारांनी वरच्या सुराकडे झेप घेतली, मध्येच कच खाल्ली आणि उरलेलं ऑर्गनवाल्याच्या गळ्यात मारून मोकळे झाले. तरी सभागृह टाळ्यांनी दणाणलं. दिल्लीच्या द्वारकेतल्या मराठी मंडळींना टाळ्यांसाठी निमित्त पुरतं. पहिल्या रांगेत, अगदी मध्यावर बसलेल्या अरुणाताईंनी मात्र हाताची घडी घातली.

हा राग साधासुधा नव्हता. ज्याच्यावर जीव टाकला, त्याच्यावरच येतो तसला होता. नवरा फौजेत, दर दोन-तीन वर्षांनी बदली. पठाणकोट, झाशी, मग दिल्ली कॅन्टोन्मेंट. शेजारी कधी पंजाबी, कधी तमिळ. मराठी बोलायचं तर भिंतींशी. त्या दिवसांत याच संगीत नाटकाच्या कॅसेटनं त्यांना सांभाळलं होतं. पोळ्या लाटताना इनामदार, कपडे वाळत घालताना इनामदार. एकेक हरकत पाठ झाली होती.

आता म्हातारपणी इनामदारांनी तेच नाटक पुन्हा उभं केलं आणि ते चक्क घराजवळ आलं. मध्यंतरात शाल देऊन त्यांचा सत्कार करायचा मान इथल्या मराठी मंडळानं अरुणाताईंना दिला. आठवडाभर बाईंचे पाय जमिनीवर नव्हते. केतनला, आपल्या मुलाला, त्यांनी ओढूनच आणलं होतं. पोरगा दिल्लीत वाढलेला. त्याला सम कशाशी खातात हेही ठाऊक नाही. आज ऐक, म्हणजे तुझी आई कशापायी वेडी झाली होती ते कळेल, असं त्या मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या होत्या.

आणि कळलं काय, तर हे!

सुरुवात छान झाली होती. पहिलं पद सुरू झालं तसा अरुणाताईंनी मांडीवर ताल धरला. समेवर मान डोलावली. इनामदारांची नजर रांगेवरून फिरत आली आणि त्यांच्यावर थांबली. या वयात बाई चक्क लाजल्या. पहिली तान उठली आणि नेमका तेव्हाच शेजारी केतननं मोबाइल काढून मॅचचा स्कोर बघितला. अरुणाताईंनी कपाळाला आठ्या घालून डोळे वटारले. पुन्हा समोर बघतात तो तान गुंडाळलेली.

दुसऱ्या पदाला त्यांचा ताल धरायचा उत्साहच गेला. हात मांडीवर गप्प पडून राहिला. ते पदही चाचपडत संपलं. तरी मध्ये एका ओळीला, खालच्या सुरात, तो जुना आवाज असा उमटला की अंगावर काटा आला. त्यानं तर राग दुप्पट झाला. म्हणजे गळा शाबूत आहे, गायचंच नाहीये. पुण्यात जीव तोडून गायचं आणि दिल्लीकरांपुढे उरलंसुरलं वाढायचं. यांना काय कळतंय! आणि वर निर्लज्जासारखं माझ्याच तोंडाकडे बघायचं. तिसऱ्या पदात तान येणार असं दिसताच त्यांनी आधीच नकाराची मान हलवली. काय होणार ते ठाऊकच होतं. झालंही तेच.

मध्यंतराची घंटा झाली. मंडळाचा सेक्रेटरी धीरज शाल घेऊन आला. अरुणाताई जागच्या हलेनात तेव्हा केतन वैतागला.

"छोड ना आई. शाल घाल आणि विषय संपव. एवढं सीरियसली कोण घेतं, यार?"

हे ऐकून तर त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. धीरजच्या हातातली शाल त्यांनी ओढून घेतली आणि त्याला काही कळायच्या आत विंगेतून तडक मेकअपच्या खोलीकडे निघाल्या.

इनामदार आरशापुढे कपाळ हातात धरून, डोळे मिटून बसले होते. नायिकेचं काम करणारी उत्तरा त्यांच्याजवळ उभी होती. अरुणाताईंनी दारातूनच ठणकावलं, की हा सत्कार माझ्या हातून होणार नाही. इनामदारांनी साधं वळूनही पाहिलं नाही. एवढा माज! तेवढ्यात उत्तरानं इनामदारांच्या खांद्याला हात लावला. ते दचकून वळले आणि अरुणाताईंच्या ओठांकडे बघत राहिले.

"ही शाल मी तुम्हाला घालणार नाही," अरुणाताई म्हणाल्या. "सगळी उमर तुम्हाला ऐकण्यात गेली माझी. दिल्लीत काहीही खपतं असं वाटलं तुम्हाला?"

इनामदारांनी उत्तराकडे पाहिलं. तिनं दार लोटून घेतलं.

"बाई, कान गेलेत माझे," ते हळूच म्हणाले. "यंत्र घातलं की सूर वाकडे येतात. काढलं की येतच नाहीत. तबल्याची थाप तेवढी पायाखाली लागते."

मग गाता कसे, एवढंच अरुणाताईंनी विचारलं. इनामदारांना ते ओठांवरून कळलं.

"पडदा वर गेला की पहिल्या रांगेत ताल धरणारा एक जाणकार चेहरा शोधतो. तो खुलला की समजायचं, सूर लागला. सांगलीत असे पाच-पंचवीस सापडतात. इथं तुम्ही एकट्याच होतात." त्यांनी तोंडावरचा घाम पुसला. "आणि पहिल्याच तानेला तुम्ही आठ्या घातल्यात, बाई. मग कुणाच्या भरवशावर वर जायचं होतं मी?"