बरं हाय

सावेडीतल्या त्या दवाखान्याच्या टीव्हीवर चांगुणाबाई हात जोडून हसत होती. "लई बरं हाय, डॉक्टर," असं म्हणत होती. खाली ठळक अक्षरांत 'स्टेम सेलची कमाल' असं झळकत होतं.

खरी चांगुणाबाई टीव्हीसमोरच्या बाकावर बसली होती. एक चप्पल पायात, एक हातात. नसांच्या दुखण्यानं डावं पाऊल असं पेटलं होतं, की चादर लागली तरी ती ओरडायची.

उन्हाळ्यात तिच्याच पोटातली चरबी काढून, त्यातलं औषध करून पायात टोचलं होतं. मग डॉक्टर सुश्रुत मोबाईल समोर धरून म्हणाले होते, "कसं वाटतंय आजी?" ठणका तेव्हाही तसाच होता. पण एवढा शिकलेला माणूस इतक्या मायेनं विचारतोय, त्याच्या तोंडावर न्हाई कसं म्हणायचं? पाहुण्यारावळ्यांना अंगात ताप असतानाही जे सांगायची, तेच ती बोलून गेली.

शेजारची बाई मघापासून तिच्याकडे आणि टीव्हीकडे बघत होती.

"मावशी, तुमीच ना त्या?" तिनं विचारलं. "मी लंकाबाई, पाथर्डीकडची. तुमाला मोबाईलवर बघितलं आन मालकांना घेऊनच आले. आज सुई हाय त्यांची."

मालक पलीकडे ओलं फडकं पायांना गुंडाळून बसले होते. चांगुणाबाईकडे बघून त्यांनी हात जोडले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरचा राग आला, त्याहून जास्त स्वतःच्या जिभेचा.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. भरलेली बाकं बघून त्यांनी आवाज चढवला. "अरे वा, आजी! कसं वाटतंय?"

सगळ्यांच्या नजरा वळल्या. 'बरं' अगदी ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"लंकाबाई, मोबाईल काढ. धर माझ्यासमोर."

"आजी, आपण आत बोलू ना," डॉक्टर हळूच म्हणाले.

चांगुणाबाई उठली. उघडं पाऊल थंडगार फरशीवर टेकलं, तशी कळ पार डोळ्यांत आली. डोळे पुसायच्या भानगडीत ती पडली नाही.

"आत न्हाई. हितंच, समद्यांम्होरं. तवा इचारलं तसंच इचारा."