मडक्याची जीभ

सोनाबाईनं कुंपणाच्या कडेनं सूर्यफुलं लावली आणि शेजारच्या शहरबानूची नजर लागू नये म्हणून मधोमध काठीवर एक काळं मडकं उपडं घातलं. मडक्यावर चुन्यानं वटारलेले डोळे काढले, कुंकवानं लांबलचक जीभ काढली आणि तोंड नेमकं शहरबानूच्या ओटीकडं केलं. कुंपणाच्या हद्दीवरून भांडण झाल्यापासून दोघींचं बोलणं बंदच होतं.

फुलं उमलली. शहरबानूचं घर पडलं पूर्वेला, त्यामुळं झाडून सगळी फुलं तिच्याकडं तोंड करून उभी राहिली. सोनाबाईला दिसायची ती नुसती हिरवी पाठ.

"पानी मी घालते, मासळीचं धुवन मी घालते, आन् तोंडं मातर तिकडं!" ती करवादली.

"फुलांना पन कळतं, भांडकुदळ कोन हाय ते," ओट्यावर बसलेला नवरा, रघू, खो-खो हसला.

शेवटी आपलीच फुलं बघायला सोनाबाई एका सकाळी मुकाट शहरबानूच्या ओटीवर गेली. समोर पिवळीधमक रांग उभी होती, आणि मधोमध जीभ काढून तिच्याकडंच बघणारं ते मडकं.

"बस गं, चाय घे," शहरबानू म्हणाली. "त्याच्याकडं नको बघू. मला पन आता सवय झालीय."



दुसऱ्या दिवशी रघू चूळ भरायला अंगणात आला, तर मडकं त्याला जीभ दाखवत होतं.