पलीकडची बाजू

विमानाच्या तिकिटाशिवाय मुलांना परदेशी वर्गात बसता यावं, म्हणून विद्यापीठाने निधी मंजूर केला. भिंतीएवढा पडदा आला, चार कॅमेरे आले. मग पलीकडच्या बाजूला चित्र नीट दिसतंय की नाही, याची खात्री करायला विभागप्रमुख आणि खरेदी समितीचे दोघे विमानाने तिकडे गेले.

शेवटच्या वर्षाच्या एका मुलीचा प्रकल्प तिकडच्या एका मुलीबरोबर होता. निम्मे गुण दोघींच्या बोलण्याला, आणि त्यासाठी सगळा मिळून एकच तास. तिने प्रश्न तोंडपाठ करून ठेवले होते.

"ताई, हसून बोल हं, फोटो काढायचेत," शिपाईमामा म्हणाले.

"मामा, आधी ती दिसू तर दे!"

पडदा उजळला. समोर नव्या कोटात आपलेच विभागप्रमुख.

"आवाज येतोय ना? छान. आधी प्रास्ताविक करतो."

प्रास्ताविक झालं, समितीतल्या दोघांची मनोगतं झाली. तंत्रज्ञानाने जग किती जवळ आलं, हे तिघांनीही सविस्तर सांगितलं. पडद्यावर त्यांच्या मागच्या रांगेत एक मुलगी हातातला कागद उंच धरून बसली होती.

"सर, ती मागे बसलीये ना, तीच माझी जोडीदार. तिला पुढे बोलवता का?"

"बोलवतो गं, पळून चाललीये का ती? आभारप्रदर्शन तेवढं उरकू दे."

आभार मानता मानता तास संपला आणि पडदा काळा झाला.

***

निकाल लागला तेव्हा तिच्या प्रकल्पावर विभागप्रमुखांच्या सहीचा शेरा होता : 'परदेशी जोडीदाराशी एक शब्दही बोलली नाही. शून्य.'