घरातली सगळी नाकं

"हे यंत्र तुम्ही स्वतः चालताना पाहिलंय?" डॉ. वंजीरूंनी विचारलं.

धनलक्ष्मीची ऑनलाइन मुलाखत चालू होती. आरोग्याची नवी उपकरणं खरंच कामाची आहेत की नुसती देखणी, याची देशोदेशी पारख करणाऱ्या एका संस्थेत इंटर्नशिप होती. सोलापूर न सोडता, घरात बसून करता येईल अशी. अर्जात तिनं मोबाइलला जोडायच्या सोनोग्राफीवर पानंच्या पानं लिहिली होती. ते यंत्र मात्र पाहिलं होतं फक्त फोटोत.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. मुलाखत इंग्रजीत होती आणि इंग्रजीत खोटं बोलण्याइतका सराव तिला अजून नव्हता.

लॅपटॉपवर तीन चौकोन. दिल्लीचे गृहस्थ आणि जिनिव्हाची तरुण बाई निदान माना तरी हलवत होते. नैरोबीच्या डॉ. वंजीरू मात्र सुरुवातीपासून एकदाही हसल्या नव्हत्या.

"मग जे पाहिलंय ते सांगा. कुठलंही उपकरण. माणसांच्या हातात गेल्यावर त्याचं काय होतं?"

उपकरणं हाताळून वर्षं झाली होती. बायोमेडिकलची पदवी घेतली, लग्न झालं, लेक झाली, आणि पदवी कपाटात गेली ती गेलीच. मधल्या वर्षांपुढं अर्जात तिनं 'वैयक्तिक कारण' एवढंच लिहिलं होतं. घरात दोन वर्षांची पोर आहे म्हटल्यावर कोण उभं करतंय? हेही हातचं गेलं तर पुन्हा अर्ज करायचं बळ आपल्यात उरणार नाही, हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात दारापलीकडं वाफेचं मशीन घुरघुरलं आणि लगेच बंद पडलं.

"घाल की गं बाई," सासूबाईंचा, बसव्वांचा, दबका आवाज. "बघ, आजोबानं घातलंय. मीबी घातलंय."

"आईनं न्हाई!" शांभवी ओरडली. आणि मग खोकली. शेवटी बारीक शिट्टी वाजते तो खोकला. औषधाची वेळ उलटून गेली होती; मुलाखत उशिरा सुरू झाली ती झालीच.

नेट गेलं म्हणावं आणि बटण दाबावं. कुणाला कळणार होतं? धनलक्ष्मीचं बोट बटणापर्यंत गेलंही. मग तिनं लॅपटॉपच उचलला.

"माफ करा. माझी मुलगी आहे, तिची छाती भरलीय. तुम्हाला बरोबरच घेऊन जाते."

बाहेर सोप्यात सासरे चन्नप्पा मांडी घालून बसले होते, नाकावर स्टीलचा पेला. बसव्वांच्या नाकावर फुलपात्र. मध्ये शांभवी, मास्क गळ्यात लोंबकळलेला, गाल लालबुंद.

"अगं बया, मोठी माणसं घरात आणलीस की!" बसव्वांनी फुलपात्र न काढताच पदर डोक्यावर ओढला. "आधी सांगायचं तरी!"

"आत्ती, तो गडवा द्या इकडं."

लॅपटॉप स्टुलावर ठेवून धनलक्ष्मी खाली बसली, गडवा नाकावर धरला आणि स्क्रीनकडं वळली. आता लाजायला काही शिल्लकच नव्हतं.

"हे उपकरण मी रोज बघते," ती गडव्यातून घुमत्या आवाजात म्हणाली. "औषध चांगलं, वाफ चांगली, आवाजही सोसवेल इतका. पण मास्क एकच येतो. मूल एकटं आजारी पडायला तयार नसतं. घरात जेवढी नाकं, तेवढी झाकावी लागतात. मागच्या आठवड्यात पाहुणे आले होते, त्यांनाही वाट्या दिल्या. दवाखान्यात याची तपासणी करताना हे कुणी विचारलं नसणार. मी घरोघरी जाऊन आधी हेच विचारीन."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, इतका वेळ आपण एकही पाठ केलेलं वाक्य म्हटलं नव्हतं.

"नोडु, नोडु," चन्नप्पा नातीला कानडीत बघ बघ म्हणत होते. "आईनंबी घातलं. आता आपलं विमान सोडू या." त्यांनी मशीनच्या बटणावर बोट ठेवलं.

शांभवीनं मास्क वर नेला. नाकापर्यंत नेला. आणि तिची नजर स्क्रीनवर गेली. तीन माणसं. तीन उघडी नाकं.

मास्क पुन्हा गळ्यात आला. "ह्यांचं?"

"अगं, ते लई लांब असतात की," बसव्वा म्हणाल्या.

"ह्यांचं!"

"ती काय म्हणतेय?" डॉ. वंजीरूंनी विचारलं.

धनलक्ष्मीनं भाषांतर केलं. "ती म्हणतेय, तुमच्या नाकावर काहीच नाही."

जिनिव्हाची बाई फिस्सकन हसली. दिल्लीच्या गृहस्थांनी तोंडावर हात धरला. डॉ. वंजीरू हसल्या नाहीत. त्या उठल्या आणि चौकोनातून निघून गेल्या. मागं नुसती खुर्ची राहिली.

धनलक्ष्मीचा गडवा धरलेला हात खाली येऊ लागला.

"धर की तसाच," बसव्वा कुजबुजल्या. "पोरगी बघालालीय."

डॉ. वंजीरू परत आल्या त्या कॉफीचा रिकामा, भलामोठा पिवळा कप घेऊन. खुर्चीत नीट बसल्या, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि कप नाकावर उपडा धरला. बाकीच्या दोघांकडं त्यांनी कपावरून असं काही पाहिलं, की दिल्लीच्या गृहस्थांनी घाईघाईनं चष्म्याचं घर नाकाला लावलं आणि जिनिव्हाच्या बाईनं ओंजळ.

शांभवीनं एकेक नाक तपासलं. मग मास्क चढवला. चन्नप्पांनी बटण दाबलं.

"हं, धनलक्ष्मी," कपाच्या आतून आवाज आला, "आता पुढचा प्रश्न."