टिरिक पाणी पितेय

"तुमची बोट बुडते आहे का? कृपया हो किंवा नाही, एवढंच सांगा," वायरलेसवरचा तटरक्षक दलाचा माणूस पुन्हा म्हणाला.

म्हाताऱ्या रास्मीने हातातला वायरलेस तोंडापाशी धरला. त्याच्या 'टिरिक' बोटीत साचलेल्या पाण्यात त्याचे बूट होते. "टिरिक जरा पाणी पितेय," तो म्हणाला.

"किती?"

"तहान मोठी आहे तिची."

एर्टीने भरलेली बादली समुद्रात भिरकावली. रास्मीच्या बायकोचा हा भाऊ. दाजींच्या बोटीवर त्याचे केस पिकले, पण दाजींना टोमणा न मारता त्याचा एक दिवस गेला नव्हता.

"दाजी, तो दक्षिणेकडचा बाबा, आपल्या बेटांवरचा नव्हे. त्याला तुमच्या बोटीची तहानभूक काय कळणार? सरळ म्हणा की!"

"या बोटीवर तो शब्द कधी निघाला नाही. आजही निघणार नाही. तू बादली मार."

शेटलंड बेटांवरच्या जुन्या कोळ्यांची ही रीतच. किनारा सुटला की काही शब्द किनाऱ्यावरच ठेवून यायचे. बोटीवर पाद्रीला 'उभा माणूस' म्हणायचं आणि मांजरीला 'ओरडणारी'. एरवी जमिनीवर रास्मीकडे पाण्याखाली जाण्याचे शब्द रगड होते. पाणकावळा सूर मारी, सील बुडी घेई, शिशाचं वजन गडप होई, शेजाऱ्याचं पोर गटांगळ्या खाई, आणि न आवडणारा उमेदवार निवडणुकीत तळ गाठी. बोटीवर पाय ठेवला की ही सगळी दौलत बंद. बोटीला ऐकू येतं, आणि एकदा ऐकलं की तिच्या मनात भरतं.

सकाळी एका तरंगत्या ओंडक्याने टिरिकची तळाची फळी उचकटली होती. पंप खवल्यांनी चोंदला होता. समुद्र मात्र तेलासारखा शांत. बचावनौका मोठा पंप घेऊन वेळेत आली, तर टिरिकला ओढून घरी नेता आलं असतं. पण बचावनौका एकच, आणि ती निघाली होती दक्षिणेकडे, कुण्या हौशी जोडप्याच्या शिडाच्या नौकेकडे.

"त्यांनी स्पष्ट सांगितलं, आम्ही बुडतोय म्हणून," वायरलेसवरचा म्हणाला. "तुम्ही काहीच स्पष्ट सांगत नाही."

"टिरिक नाक खाली घालून बसलीय," रास्मी म्हणाला. "कानापर्यंत आलंय तिच्या."

"म्हणजे बुडते आहे?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग बुडत नाही, असं धरू?"

"तसंही म्हटलं नाही!"

एर्टीने बादली आपटली. "द्या इकडे! तुमच्या लाडक्या बोटीला काय वाटेल ते वाटो. मी सांगतो."

"सांग," रास्मी म्हणाला आणि त्याने वायरलेस निमूटपणे पुढे केला. एवढ्या सहज मिळेल असं एर्टीला वाटलं नव्हतं.

त्याने बटण दाबलं. "ऐका हो. मी एर्टी बोलतोय. आमची बोट..."

पायाखालची फळी हलकेच कण्हली. एर्टीची जीभ टाळूला चिकटली. त्याने पुन्हा तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडून निघालं, "आमची बोट फार दमलीय हो."



"छान बोललास," रास्मी म्हणाला.

"गप्प बसा, दाजी." एर्टीला रडू येईल की काय असं झालं होतं. त्याने वायरलेस परत दिला आणि पुन्हा बादली उचलली. आता एक बादली बाहेर जाईतो दोन आत येत होत्या.

थोड्या वेळाने वायरलेसवरच्या माणसाचा सूर बदलला. "त्या नौकेत पिण्याच्या पाण्याची टाकी गळत होती. बाकी काही नाही. बचावनौका आता बंदराकडे परतते आहे. तुमच्याकडे वळवायची असेल तर आत्ताच सांगा. तुमची बोट बुडते आहे का?"

रास्मीने बोटीच्या कडेवरून हात फिरवला. मग तो मागे गेला आणि टिरिकला बांधलेलं लहान होडकं त्याने जवळ ओढलं.

"चल, मेव्हण्या."

"बोट सोडून?"

"दोर माझ्या हातात आहे. सोडतोय कुठे?"

दोघे होडक्यात उतरले. एर्टीने वल्ही घेतली. दोर ताणला गेला तेव्हा रास्मीने थांबायची खूण केली. मग त्याने टिरिककडे पाठ फिरवली, कोटाची कॉलर वर ओढली आणि वायरलेस कॉलरआड धरून तो पुटपुटला, "बुडतेय."

"काय? ऐकू आलं नाही. मोठ्याने बोला."

"बुडतेय."

"मोठ्याने, कृपया!"

"अहो दाजी, ओरडा की!" एर्टी किंचाळला. "आता बोटीवर थोडेच आहात तुम्ही?"

रास्मीने मान वळवून पाहिलं. टिरिकचं नाक पाण्याला टेकलं होतं आणि तिचा मागचा भाग हळूहळू वर येत होता. फार लांब नव्हती ती.

त्याने हातातला दोर सोडला.

"अजून थोडं लांब ने," तो एर्टीला म्हणाला. "इथून तिला ऐकू जाईल."